चिमटा आणि काठी

ओमानमधल्या सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मासळी घ्यायला जाताना मी आता पांढरी काठी बरोबर ठेवतो. पाटीवरची सुरमई मला स्वच्छ दिसते, तिचे डोळे लाल आहेत की ताजे तेही कळतं. पण बाजूने येणारी हातगाडी गुडघ्याला लागल्यावरच समजते. काचबिंदूने बारा वर्षांत माझी कडेची नजर खाल्ली, मधली तेवढी ठेवली. गेल्या गणपतीत एका ओळखीच्या गृहस्थांनी चारचौघांत विचारलं, "काका, मोबाइल तर सहज वाचता, मग काठी कशाला?"

आमच्या शेजारच्या बलुची आजीने असं कधी विचारलं नाही. काठी पाहून ती आत गेली आणि एक पितळी चिमटा आणून तिने माझ्या तळहातावर ठेवला. बोटभर लांब, टोकं झिजलेली. लहानपणी ती याच चिमट्याने आपल्या आईच्या पापण्यांचे केस उपटायची.

हा खुपऱ्यांचा, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या रोगाचा चिमटा. लागण बालपणी होते. माश्या, बोटं, एकाच फडक्याने पुसलेली तोंडं हा तिचा रस्ता. पुन्हा पुन्हा लागण झाली की पापणीला आतून वण पडतात, ती आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. बुबुळ धुरकट होत होत नजर जायला अर्धं आयुष्य लागतं. केस उपटला की काही दिवस आराम, मग पुन्हा चिमटा.

1970 साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या ओमानात शाळा होत्या तीन, आणि दवाखाना म्हटलं की लोकांना मत्राहचं अमेरिकन मिशनचं रुग्णालय आठवायचं. पुढच्या दशकांत सरकारने औषधं दिली, वळलेल्या पापण्यांवर शस्त्रक्रिया केल्या, घरोघरी स्वच्छ पाणी पोचवलं. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओमानला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्या संपवणारा पहिला देश ठरवलं. भारताला ही पावती 2024 मध्ये मिळाली.

रोग गेला हे उत्तमच झालं. पण त्याबरोबर एक समजही गेली. आजीच्या घरात आईला "दिसतं का?" असं कोणी विचारत नसे. "आज किती दिसतंय?" असं विचारत. उत्तरावर ठरायचं, आज ती तांदूळ निवडणार की नुसती भाकरी भाजणार. आंधळेपण हळूहळू येतं, दिवसागणिक कमीजास्त होतं, हे त्या घराला शिकवावं लागलं नाही.

आपल्याकडे भारतात मात्र किती दिसतं याचा हिशेब सरकारी कागदावर गेला. ब्रिटिशांच्या खानेसुमारीत 1931 पर्यंत व्यंगांचा रकाना असे आणि त्यात नोंद व्हायची ती दोन्ही डोळ्यांनी आंधळा असलेल्याचीच. माझ्यासारखा अर्धामुर्धा त्यात डोळसच धरला गेला असता. कायदा पुढे शहाणा झाला. 1995 च्या अपंग कायद्याने नजरेच्या तीक्ष्णतेबरोबर तिचा घेरही मोजला आणि अल्पदृष्टी वेगळी मानली. 2016 च्या कायद्यात दहा अंशांहून कमी घेर असलेला माणूस अंधच ठरतो, मग समोरचं अक्षर त्याला वाचता येवो वा न येवो.

दहा अंश म्हणजे किती? हात सरळ पुढे करून मूठ वळा. त्या मुठीच्या रुंदीएवढं जग. मोबाइल त्यात मावतो, हातगाडी मावत नाही. त्या गृहस्थांना मी हेच करून दाखवलं. त्यांनी मूठ धरली, डोळा बारीक केला आणि मग गप्प झाले.

मुठीबाहेरचं माझं जग कधी गेलं ते मला कळलंही नाही, कारण काचबिंदू बहुधा दुखत नाही. चाळिशी उलटली असेल, घरात कोणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्या. थेंबांनी उरलेली नजर राखता येते. गेलेली परत येत नाही.