घरगुती जलजीवालयातील प्रवाळाचे अनुकूलन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

महाराष्ट्रात पोवळे परिचित आहे ते नवरत्नांपैकी एक रत्न म्हणून. हे रत्न म्हणजे वस्तुतः एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय. प्रवाळ ही वनस्पती नसून प्राणी आहे, हे मत फ्रेंच वैद्य पेसोनेल याने अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मांडले. परंतु तत्कालीन विद्वानांनी ते सहजासहजी स्वीकारले नाही. पुढे हा प्राणी समुद्राबाहेर, काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याचे प्रयत्न सुरू झाले. नव्याने आणलेला प्रवाळ टाकीत रुळावा कसा, या प्रश्नाला गेल्या पावणेदोनशे वर्षांत मिळालेल्या बदलत्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पाणी आणि हवा : एकोणिसाव्या शतकातील प्रयोग

१८४६ मध्ये इंग्लंडमधील ॲना थिन या महिलेने टॉर्कीच्या किनाऱ्यावरील काही प्रवाळ लंडनला नेले. घरात समुद्राचे ताजे पाणी मिळणे कठीण होते. म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम रोज करावे लागे आणि ते घरातील मोलकरीण करीत असे. पुढील वर्षी थिनबाईंनी पाण्यात सागरी वनस्पती ठेवल्या. त्यांचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक जलजीवालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा जलजीवालयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर या छंदाला बहर आला.

या यशाची मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे. इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावरील हे प्रवाळ एकएकटे वाढणारे असून त्यांच्या शरीरात शैवाल वसत नाही. पाणी शुद्ध, हवायुक्त असले आणि अन्न मिळाले की त्यांचे भागते. त्यामुळे प्रवाळाचे अनुकूलन म्हणजे पाण्याची व्यवस्था, असे समीकरण रूढ झाले. उष्ण कटिबंधातील, प्रवाळभित्ती उभारणाऱ्या जातींना ते अपुरे होते.

प्रकाशाचा शोध

१८८१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट याने सागरी प्राण्यांच्या शरीरातील सूक्ष्म पिवळसर शैवालांना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या मोहिमेत प्रवाळ अंधारात ठेवून पाहण्यात आले. तेव्हा ते आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतात, असे आढळले. याँग यांनी मात्र प्रवाळ या शैवालावर पोसला जातो, ही कल्पना नाकारली. हा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९५९ मध्ये टॉमस गोरो व नोरा गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने प्रकाशात प्रवाळाचा सांगाडा वेगाने वाढतो हे दाखविले. शैवालाने प्रकाशात तयार केलेले अन्न प्रवाळाला मिळते, हेही साठच्या दशकाअखेर सिद्ध झाले.

छंदाच्या क्षेत्रातही याच सुमारास नवा प्रवाह आला. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्राचे पाणी, जीवजंतूंनी भरलेले खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर ती आधारलेली होती. सूर्यप्रकाशाची उणीव असलेल्या युरोपात प्रखर दिव्यांचा आधार घ्यावा लागला. ऐंशीच्या दशकात बर्लिनमधील हौशी मंडळींनी जिवंत खडक, फेसाद्वारे पाणी शुद्ध करणारे यंत्र, चुन्याची निवळी आणि मेटल हॅलाइड दिवे यांचा मेळ घातला. डिट्रिश स्ट्यूबर यांनी टाकीत वाढविलेल्या प्रवाळाच्या फांद्या तोडून इतरांना दिल्या आणि त्या नव्या टाक्यांत रुजल्या.

अनुकूलनाची गती

प्रकाश आवश्यक आहे हे कळल्यावर नवी अडचण पुढे आली. मंद प्रकाशात वाढलेला किंवा वाहतुकीत कित्येक तास अंधारात राहिलेला प्रवाळ एकदम प्रखर दिव्याखाली ठेवला की तो पांढरा पडे. त्याचे कारण शैवालाच्या कार्यात आहे. मंद प्रकाशात शैवाल हरितद्रव्य वाढविते. अशा शैवालावर अकस्मात तीव्र प्रकाश पडला, तर पेशींत घातक ऑक्सिजन-संयुगे साचतात, आणि शैवाल नष्ट होते किंवा बाहेर टाकले जाते. हरितद्रव्याचे प्रमाण नव्या प्रकाशाशी जुळण्यास काही दिवस ते काही आठवडे लागतात. प्रकाश तोच असूनही तो कोणत्या गतीने वाढविला, यावर प्रवाळाचे जगणे अवलंबून असते.

आजची प्रचलित कार्यपद्धती या जाणिवेतून घडली आहे. प्रवाळाची पिशवी प्रथम टाकीतील पाण्यावर तरंगत ठेवून तापमान समान केले जाते. नंतर टाकीतले पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळून क्षारतेतील फरक कमी करतात. उपद्रवी जीव काढण्यासाठी प्रवाळाला औषधी द्रावणात अल्पकाळ बुडवितात. टाकीतील क्षारता हजारी सुमारे ३५ भाग आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असे स्थिर राखतात. प्रवाळ आरंभी तळाशी, मंद प्रकाशात ठेवून दोन ते चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर नेला जातो, अथवा दिव्यांचीच तीव्रता हळूहळू वाढविली जाते. या काळात त्याची जागा वारंवार बदलणे टाळतात, कारण प्रत्येक बदलानंतर जुळवून घेण्याची प्रक्रिया नव्याने सुरू होते.

भारतीय संदर्भ

भारतात २००१ मध्ये प्रवाळभित्ती उभारणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत झाला. त्यामुळे आपल्या समुद्रातून हौसेसाठी त्यांचा तुकडा काढणे कायद्याने निषिद्ध आहे. तथापि अनुकूलनाचा प्रश्न घरगुती टाकीपुरता मर्यादित राहिलेला नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी व हाजी अली येथील प्रवाळ दुसऱ्या ठिकाणी हलविण्यात आले. अशा स्थलांतरातही जुन्या आणि नव्या जागेतील प्रकाश, गाळ, प्रवाह व तापमान यांतील अंतर किती, हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

निष्कर्ष

थिनबाईंच्या घरी पाण्याचा, याँग आणि गोरो यांच्या काळात प्रकाशाचा व त्यानंतर बदलाच्या गतीचा विचार झाला. नवे उत्तर आले म्हणून जुने खोटे ठरले नाही. पाणी, प्रकाश आणि काळ या तिन्ही अटी आज एकत्रितपणे पाळाव्या लागतात. त्यांपैकी पहिल्या दोन यंत्रांच्या साहाय्याने पुरविता येतात. तिसरी मात्र यंत्राने आटोपशीर करता येत नाही, कारण ती प्रवाळ आणि शैवाल यांच्या सहजीवनाच्या स्वाभाविक लयीशी बांधलेली आहे. प्रवाळांच्या स्थलांतराचे वेळापत्रक आखताना या लयीला बांधकामाच्या मुदतीइतकेच महत्त्व देणे अगत्याचे आहे.