रातकिड्यांचें कोठार

वेढा पडलेला गड पुष्कळदां तोफेनें पडत नाहीं. कोठार रितें झालें म्हणजे पडतो. पिंजऱ्यांत पाळलेल्या सरड्याचें जीवितही असेंच त्याच्या कोठारावर, म्हणजे रातकिड्यांवर, अवलंबून असतें.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या दक्षिण भागांत हे किडे माशांच्या गळाला लावण्यासाठीं पोसले जात. पुढें सरडे पाळण्याचा छंद वाढला, आणि गळाचें आमिष पिंजऱ्यांतलें अन्न झालें. पुष्कळ सरडे हालणारेंच भक्ष्य टिपतात; म्हणून किडा जिवंत हवा. पण नुसता जिवंत असून भागत नाहीं. त्याच्या अंगीं चुन्याचा अंश थोडा व स्फुरद अधिक. तसल्या अन्नावर वाढलेल्या सरड्याचीं हाडें मऊ पडून वांकतात. यास्तव किड्यालाच आधीं चुन्याचें सत्त्व असलेला चारा घालावा लागतो. धन्यापूर्वीं कोठाराची काळजी, ती ही.

ही काळजी घेऊनही संकट आलें. रातकिड्यांचा संहार करणारा एक विषाणु १९७७ सालीं युरोपांत ओळखला गेला. २००९-१० मध्यें त्यानें अमेरिकेंतील पैदासगृहें उजाड केलीं. सरड्यांना त्याची बाधा नव्हती. बाधा झाली ती त्यांच्या अन्नाला. जात एकच, जागा कोंदट आणि दाटी अतोनात, मग सांथीला आणखी काय हवें? तेव्हां उत्पादकांना रातकिड्यांच्या दुसऱ्या जातींकडे वळावें लागलें.

ज्याला आपण केवळ भक्ष्य म्हणतों, त्याच्या आरोग्याचा विचार न करणाऱ्यास प्राणी पाळण्याचा अधिकार नाहीं, एवढें तरी या इतिहासावरून ठरतें.