नोंदवहीत नसलेली माणसं

नाझी नोंदी फार काटेकोर ठेवत, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की शंका घ्यायचं मनातही येत नाही. ते निम्मंच खरं आहे. आउश्वित्झला सुमारे १३ लाख माणसं आणली गेली. कैदी म्हणून क्रमांक मिळाला तो सुमारे ४ लाखांना. बाकीच्यांचं काय? गाडीतून उतरताच निवड व्हायची. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बाया आणि त्यांची मुलं थेट विषारी वायूच्या कोठड्यांकडे. छावणीच्या वहीत त्यांचं नाव चढलंच नाही. शिवाय पळ काढण्याआधी एसएसने बरेच कागद जाळले.

मग मृतांचा आकडा आला कुठून? सोव्हिएत आयोगाने आधी ४० लाख सांगितला, तो स्मारकाच्या पाट्यांवरही लागला. पुढे फ्रान्सिशेक पिपर या पोलिश इतिहासकाराने कुठून किती माणसं पाठवली गेली याचा हिशेब जुळवला, आणि आकडा सुमारे ११ लाखांवर आला. १९९० मध्ये जुन्या पाट्या काढल्या. हत्याकांड नाकारणाऱ्यांच्या हाती आयतंच कोलीत! अहो, पण चूक शोधली ती इतिहासकारांनीच ना?

आता आठवणींकडे येऊ. ७ ऑक्टोबर १९४४ ला, प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी तिथे उठाव केला. वाचलेल्या एका बाईंनी पुढे साक्ष देताना सांगितलं, की चार धुराडी उडाली. इतिहासकार म्हणाले, चार नव्हे, एकच; तेव्हा ही साक्ष धरता येत नाही. डोरी लाऊब हे मानसोपचारतज्ज्ञ, बालपणी स्वतः छावणीत राहून आलेले. त्यांचं म्हणणं असं, की जिथे काही घडणं शक्यच नव्हतं तिथे ते घडलं, हे त्या बाई सांगत होत्या. मला लाऊब पटतात, पण अर्धेच. धुराडी मोजायला बसलो तर एकच म्हणावं लागेल. कोर्टात एका चुकीच्या आकड्यावर वकील अख्खी साक्ष उडवतो, हे विसरून कसं चालेल?

पण उठावाला बंदुकीची दारू मिळाली कशी, ते बघा. दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींनी ती थोडी थोडी करून, कपड्यांत लपवून बाहेर काढली. रोझा रोबोटाने ती पुढे पोचवली. तिला आणि आणखी तिघींना ६ जानेवारी १९४५ ला फाशी दिली. २७ जानेवारीला लाल सेना तिथे पोचली. दारू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, हे आज आपण सांगू शकतो ते मुख्यतः त्यांच्या वाचलेल्या मैत्रिणींनी सांगितलं म्हणून.