लिस्बन : एका नगरीचा जमाखर्च

परदेशातील एखादी जुनी राजधानी एका दिवसात पाहावयाची असली, म्हणजे प्रवासी बहुधा स्थळांची लांबलचक यादी घेऊन निघतो आणि संध्याकाळी नुसते दुखरे पाय घेऊन परततो. पाहिले पुष्कळ, उमगले थोडे, अशी त्याची गत होते. पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहावयाची, तर बेलें, बायशा आणि कार्मु एवढी तीनच ठिकाणे मनाशी धरावीत. या नगरीने जगाकडून काय घेतले, सर्वस्व गेल्यावर काय उभारले आणि त्या उभारणीची किंमत कोणी दिली, हा सारा जमाखर्च तेथे दगडांत लिहिलेला आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील माणसाने तर तो अवश्य वाचावा. कारण त्यातील कित्येक रकमा आपल्या नावावर पडलेल्या आहेत.

सकाळी प्रथम बेलेंला जावे. येथे टेगस नदीचे पात्र इतके रुंद होते की समुद्रच लागला असे वाटावे. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची गलबते याच काठावरून निघाली आणि १४९८ च्या मे महिन्यात कालिकतच्या किनाऱ्याला लागली. पुढे राजा मानुएल याने या जागी जेरोनिमुश मठाचे काम सुरू केले. ते जवळजवळ शंभर वर्षे चालले आणि त्याचा मोठा भार आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावर बसविलेल्या ५ टक्के कराने उचलला. मठाच्या खांबांवर जहाजांचे दोर, पोवळी आणि समुद्री वनस्पती कोरल्या आहेत. दगडाला असे लोण्यासारखे वळविणाऱ्या कारागिरांना मनोमन नमस्कार करावा. मात्र मलबारच्या मिरीचा त्या सौंदर्यातील वाटा विसरू नये.

मंदिरात शिरताच गामाची समाधी दिसते. १५२४ मध्ये तो कोचीनला मरण पावला, त्याचे प्रथम दफनही तेथेच झाले आणि नंतर त्याच्या अस्थी मायदेशी नेण्यात आल्या. समोरच कामोइंश या महाकवीची समाधी आहे. त्याने काही वर्षे गोव्यात काढली आणि १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यात गामाच्या सफरीचे गुणगान केले. वीर आणि त्याचा गुणगायक असे समोरासमोर विसावले आहेत. परंतु १५०२ च्या दुसऱ्या सफरीत याच गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज, आतील बायकामुलांसह, जाळले होते. ही गोष्ट त्या समाधीवर कोठे कोरलेली नाही. ती पाहणाऱ्याने आपल्याबरोबर न्यावी लागते.

तेथून जवळच नदीकाठी बेलेंचा बुरूज आहे. त्याच्या एका कोपऱ्याखाली झिजलेले गेंड्याचे डोके दिसते. गुजरातच्या सुलतानाकडून अल्बुकर्कला मिळालेला एक गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला आणि सारा युरोप थक्क झाला. ड्यूररने तो कधी डोळ्यांनी न पाहता, नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून, त्याचे चित्र कोरले. पुढे पोपला नजर करण्यासाठी नेत असता तो मुका जीव इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

दुपारी शहराच्या मध्यभागी, बायशात यावे. येथील सरळ, काटकोनी रस्ते पाहून हे शहर फार जुने नसावे असे वाटते. त्याचे कारण १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता. सकाळच्या प्रार्थनेसाठी चर्चे भरलेली होती आणि वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. साडेनऊच्या सुमारास धरणी हादरली. छपरे कोसळली. लोक जीव घेऊन नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तो थोड्याच वेळात समुद्र चालून आला. उरलेसुरले आगीने खाल्ले. ती कित्येक दिवस धुमसत होती. राजवाडा, त्यातील अमोल ग्रंथसंग्रह आणि त्याच वर्षी उघडलेले संगीतनाट्यगृह नष्ट झाले. हिंदुस्थानच्या व्यापाराचे दप्तर सांभाळणारी कचेरीही गेली. अवघ्या सोळा वर्षांपूर्वी चिमाजी अप्पाने वसई घेतली, त्या सत्तेचे हृदयस्थानच असे एका सकाळी भुईसपाट झाले.

पुढचे प्रकरण शासनात काम करणाऱ्या कोणाही माणसाने अभ्यासावे असे आहे. सूत्रे हाती घेतली ती कार्व्हाल्यु या मंत्र्याने. पुढे मार्क्विस पोंबाल या पदवीने तो जगाला ठाऊक झाला. रोगराई पसरू नये म्हणून धर्मगुरूंची संमती घेऊन प्रेते नावांतून समुद्रात सोडण्यात आली. धान्याचे भाव वाढू दिले नाहीत. लुटारूंसाठी भर वस्तीत फासाचे खांब उभे राहिले. मग देशातील गावोगावच्या पाद्र्यांकडे एक प्रश्नावली गेली : धक्के किती वेळ जाणवले? समुद्र आधी चढला की ओसरला? माणसे किती दगावली? देवाचा कोप झाला असे जो तो म्हणत असता एका सरकारी कचेरीने मोजमाप मागितले! ती उत्तरे आजही तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. तो दप्तरखाना त्या काळी किल्ल्याच्या एका बुरुजात होता. बुरूज कोसळला, पण त्याचा प्रमुख मानुएल द माया, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, याने ढिगाऱ्यातून कागद काढवून सुरक्षित ठेवले. हाच वृद्ध राज्याचा मुख्य अभियंताही होता. शहर पुन्हा कसे वसवावे, याचे पर्याय मांडणाऱ्या टिपणाचा पहिला भाग त्याने भूकंपानंतर पाच आठवड्यांच्या आत सादर केला.

त्याच टिपणातून आजचे बायशा उगवले. प्रत्येक घराच्या भिंतीत लाकडी सांगाड्याचा पिंजरा बसविला, म्हणजे धरणी हलली तरी घर डोलेल पण पडणार नाही. आग पसरू नये म्हणून दोन घरांमधील भिंत छपराच्या वर नेली. सोनार, चांभार, कापडवाले अशा व्यवसायांची नावे रस्त्यांना दिली. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आयातीवर ४ टक्के जादा जकात मान्य केली, आणि ब्राझीलचे सोने होतेच. म्हणजे बेलेंप्रमाणे येथेही परक्यांच्या श्रमाचा पैसा आहेच.

किंमत आणखीही आहे. पोंबालची शिस्त न्यायापाशी थांबली नाही. भूकंप हा ईश्वरी दंड आहे असे सांगणारा वृद्ध जेझुइट मालाग्रिदा १७६१ मध्ये जाहीरपणे मारला गेला. राजावरील हल्ल्याच्या आरोपावरून १७५९ मध्ये ताव्होरा घराण्यातील स्त्रीपुरुषांना बेलेंमध्ये क्रूरपणे ठार केले. त्याच खटल्यातील एका ड्यूकचा वाडा पाडून जमिनीत मीठ पेरले. त्या जागेचा दगडी स्तंभ बेलेंच्या एका अरुंद बोळात अजून उभा आहे. अन्न वेळेवर पोचविणारा हात आणि फास आवळणारा हात एकच असू शकतो; कार्यक्षमतेची स्तुती करताना ही आठवण जवळ असावी.

दिवस कलला की टेकडीवर कार्मु मठात जावे. भूकंपात त्याचे छप्पर पडले. सुरू झालेली दुरुस्ती १८३४ मध्ये थांबली आणि मधल्या सभागृहावर पुन्हा छप्पर चढले नाही. कमानींच्या फासळ्यांमधून नुसते आकाश दिसते. बाहेरच्या लहानशा चौकात २५ एप्रिल १९७४ रोजी लोकांची दाटी झाली होती. शेजारच्या लष्करी ठाण्यात आश्रय घेतलेल्या पंतप्रधान काएतानुने त्या संध्याकाळी शरणागती पत्करली आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. गोवा १९६१ च्या डिसेंबरातच मुक्त झाला होता; पण लिस्बनच्या जुन्या राजवटीने ते कधी मान्य केले नाही. नव्या राजवटीने त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भारताशी करार करून ते मान्य केले. बेलेंच्या काठावर उघडलेले एक खाते या चौकातील संध्याकाळीनंतर मिटले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मिटले, पण पुसले गेले नाही. आपण ‘पाव’, ‘चावी’, ‘बटाटा’ म्हणतो आणि महिनाअखेर ‘पगारा’ची वाट पाहतो, तेव्हा त्याच भाषेचे ऋण नकळत उच्चारतो. खाते मिटल्यावर द्वेष उरू नये, पण वही जपून ठेवावी. ढिगाऱ्यातून कागद वाचविणाऱ्या त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दप्तरदाराने हेच केले होते.