हिवताप, डीडीटी आणि फवारणीचा वाद

मुंबई-गोवा महामार्गावर मालवणचा रस्ता जेथे फुटतो, ते कसाल हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील गाव. मातीच्या भिंती, शेणाचे सारवण, घराला लागून गोठा आणि परसात विहीर ही या परिसरातील जुन्या घरांची ठेवण. हिवतापावरील कीटकनाशकांचा जागतिक वाद अखेर अशाच घरांच्या भिंतींपाशी येऊन ठेपतो.

हिवतापाचा प्रसार ॲनॉफिलिस जातीच्या डासाची मादी करते. रक्त शोषल्यावर ती बहुधा भिंतीवर विसावते. तिच्या शरीरात रोगजंतू परिपक्व होण्यास साधारण दहा दिवस किंवा अधिक काळ लागतो. तत्पूर्वी ती मेली तर रोगाची साखळी तुटते. घरातील भिंतींवर कीटकनाशक फवारण्यामागील तत्त्व हेच आहे.

डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधला. त्यासाठी १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तत्कालीन मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६च्या सुमारास कारवार व धारवाड जिल्ह्यांतील गावांत डीडीटी फवारणीचे प्रयोग केले. त्यांचे यश पुढील राष्ट्रीय मोहिमेला उपयोगी ठरले. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज होता. १९६५पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली.

हे यश टिकले नाही. ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस या डासात डीडीटीविषयी प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याची नोंद १९५९ सालीच, तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या पंचमहाल जिल्ह्यात झाली होती. १९७६ साली देशातील रुग्ण ६४ लाखांवर गेले आणि निर्मूलनाऐवजी नियंत्रणाचे सुधारित धोरण १९७७पासून राबवावे लागले.

आक्षेप आणि समर्थन

राचेल कार्सन यांच्या १९६२ सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथाने डीडीटीच्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधले. हे द्रव्य वर्षानुवर्षे मातीत टिकते, प्राण्यांच्या चरबीत साठते आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ करते. अमेरिकेने १९७२ साली, तर भारताने १९८९ साली शेतीतील त्याच्या वापरावर बंदी घातली. २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात बहुधा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले.

समर्थकांचे म्हणणे असे, की श्रीमंत देशांनी आपला हिवताप आटोक्यात आणल्यावर गरीब देशांच्या हातातील स्वस्त साधन काढून घेऊ नये. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण ते देतात. तेथे १९९६ साली डीडीटी थांबवून पायरेथ्रॉइड वापरण्यात आले. त्यांना न जुमानणारा डास परतला, रुग्ण वाढले आणि २००० साली डीडीटी पुन्हा आणावे लागले. २००१च्या स्टॉकहोम कराराने म्हणूनच रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत ठेवली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००६ साली घरातील फवारणीला नव्याने पाठिंबा दिला. भारतातील डीडीटी सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी तयार करीत असे. तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे आहे.

कोकणातील पेच

फवारलेल्या भिंतीवर पुन्हा सारवण झाले की औषध शेणाखाली झाकले जाते. सण किंवा लग्नकार्य तोंडावर असताना घर न सारवता ठेवा, हे सांगणे सोपे नसते. दुसरा पेच शेतीचा आहे. आंब्यावरील तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातील औषधे फवारली जातात आणि कीटकनाशकभारित मच्छरदाण्यांतही हाच गट वापरतात. शेतीतील अतिवापराने डासांतील प्रतिकारशक्तीला हातभार लागतो, हे अनेक देशांत दिसून आले आहे.

यामुळे एकट्या फवारणीवर विसंबणे मागे पडले. गोव्यात १९९०च्या दशकात डासांच्या अळ्या मारणारे जिवाणू आणि अळ्या खाणारे मासे यांचा उपयोग झाला. महाराष्ट्रात विहिरी व टाक्यांत गप्पी मासे सोडले जातात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगितले जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये उत्पादित होणाऱ्या 'आर२१' लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली. तरीही त्या वर्षी जगात हिवतापाने सुमारे सहा लाख बळी घेतले. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील लहान मुले होती. भारताने २०३०पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. तोपर्यंत कोठे, किती आणि कोणते औषध फवारावे, याचा निर्णय त्या भागातील डास कोणत्या औषधाने मरतो हे तपासूनच घ्यावा लागेल.