रुमाल आणि कागद



इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट, शिलालेख आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. मी आज ज्या साधनाविषयीं बोलणार आहें, तें मात्र साडेपांच फूट उंचीचें प्लायवूडचें एक खोकें असून त्याच्या दर्शनी अंगास दोन दांड्या, बारा बटणें आणि टोकन टाकण्याची एक फट आहे. व्हिडिओ गेमचें मशीन असें त्यास आपण म्हणतों.

हें खोकें मला सांगलीस एका जुन्या विद्यार्थ्याच्या कारखान्यांत पाहावयास मिळालें. नदीकांठच्या एका गुदामांतून त्यानें तें भंगाराच्या भावानें उचललें होतें. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांत त्याचा तळ फुगून पापुद्रे सुटले होते. वरचें अंग शाबूत होतें. यंत्र पाहतांच मीं तें ओळखलें, आणि थोडा शरमलोंहि. १९९० नंतरच्या दशकांत साताऱ्यास स्टँडनजीकच्या एका अंधाऱ्या खोलींत अशीं चार यंत्रें असत. शाळा चुकवून तेथें बसणारीं मुलें मी कान धरून बाहेर काढीत असें, आणि एकदां एका मुलाच्या मुठींतलीं टोकनें मीं गटारांत फेकून दिलीं होतीं. तो मुलगा हाच. त्यानें त्या गोष्टीचा उल्लेख केला नाहीं. चहा मात्र दोन वेळां पाजला.

त्याचा बेत असा होता कीं, पेटींतील सर्व ऐवज काढून टाकावा, लांकूडकाम दुरुस्त करावें, आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक संगणक आंत बसवून त्यावर शेंकडों जुने खेळ चालवावे. असा उद्योग आतां जगांत कित्येक घरीं चालतो. २०१२ सालीं इंग्लंडांत रास्पबेरी पाय नांवाचा स्वस्त संगणक निघाल्यापासून तो फारच सुलभ झाला आहे. माझा आक्षेप ‘काढून टाकावा’ एवढ्या दोन शब्दांस होता. तो कां, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

नाणें टाकून पडद्यावर खेळावयाचें पहिलें विक्रीचें यंत्र अमेरिकेंत १९७१ मध्यें निघालें. ‘कॉम्प्युटर स्पेस’ हें त्याचें नांव. पुढच्याच वर्षीं अटारी कंपनीचें ‘पाँग’ आलें. पाँगमध्यें लिहिलेली आज्ञावली अशी नव्हतीच. चेंडूचें उसळणें, फळीचें सरकणें हें सर्व आंतल्या जोडणींतूनच घडे. जपानच्या टायटो कंपनीनें १९७८ सालीं काढलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ मध्यें मात्र मायक्रोप्रोसेसर होता, आणि खेळ म्हणजे चिपांत लिहून ठेवलेला मजकूर झाला होता. इतिहासाच्या दृष्टीनें हा फरक लहान नव्हे. पहिल्या प्रकारांत यंत्र हाच खेळ. दुसऱ्यांत यंत्र हा वाचक आणि खेळ ही पोथी.

पुढें १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघानें जोडणीचा एक सामायिक नमुना ठरविला. त्यास जाम्मा म्हणतात. छप्पन्न टोकांची एक पट्टी असते. तींत खेळाचा बोर्ड खोंचला कीं पडदा, दांड्या, बटणें, आवाज सर्व एका झटक्यांत जुळतें. एका खेळाचें गिऱ्हाईक ओसरलें कीं दुकानदार बोर्ड बदली, पेटी तीच. म्हणजे जुन्या पेटींत नवा प्राण घालण्याची युक्ति आजच्या हौशी मंडळींची नव्हे. पेटी ही पहिल्यापासून धर्मशाळाच होती.

ह्या धर्मशाळेंतला आपल्या मुलांचा सर्वांत लाडका प्रवासी म्हणजे ‘मुस्तफा’. त्याचें खरें नांव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम ह्या जपानी कंपनीनें तो १९९३ मध्यें काढला. खेळांतील चार वीरांपैकीं एकाचें नांव मुस्तफा, आणि आपल्याकडील मुलांनीं साऱ्या खेळासच तें देऊन टाकलें. ह्या खेळाच्या मूळ बोर्डावर एक लहानशी बॅटरी असते. ध्वनीची आज्ञावली गुप्त लिपींत लिहिलेली असून तिची किल्ली त्या बॅटरीच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाते आणि बोर्ड नीट चालेनासा होतो. चोरापासून रक्षण करण्यासाठीं घातलेल्या कुलुपानें शेवटीं घरधन्यासच कोंडावें, असा हा मासला! उलट बाजारांतील चोरट्या नकलांत कुलूप आधींच फोडलेलें असे, म्हणून त्या तगल्या. आमच्या पेटींतला बोर्डहि अशीच एक नक्कल निघाला.

आतां नव्या संगणकावर जुना खेळ चालतो कसा? १९९७ च्या फेब्रुवारींत निकोला साल्मोरिया ह्या इटालियन गृहस्थानें ‘मेम’ नांवाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. अशा प्रोग्रॅमास एम्युलेटर म्हणतात. ज्यास केवळ बाळबोध लिपि येते अशा माणसाजवळ मोडी जाणणारा बसला आणि ओळीमागून ओळ वाचून दाखवूं लागला, तर मूळ कागदास धक्का न लागतां मजकूर कळतो. तसाच हा प्रोग्रॅम जुन्या चिपेची एकेक आज्ञा घेऊन नव्या संगणकास समजेल अशी करून देतो. जुन्या यंत्रांच्या रचनेची नोंद ठेवणें हाच आपला मुख्य हेतु, खेळतां येणें हें त्याचें आनुषंगिक फळ, असें त्याचे कर्ते सांगतात. परंतु वाचावयास कागद तर हवा! कोणी तरी बोर्डावरील चिप काढून तिच्यांतील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला, तरच ह्या वाचकास काम.

येथें मला आपल्याच मुलखाचें स्मरण होतें. मिरजेस शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास घेतला. वाईस मिळालेल्या पत्रांवरून राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्याचा पहिला खंड काढला, आणि पानिपतच्या काळचा पत्रव्यवहार लोकांपुढें आला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनिसांनीं जन्मभर जमविलेला संग्रह १९३९ मध्यें पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर उंदीर, वाळवी आणि रद्दीवाला हे तिघे संशोधकाच्या आधीं पोंचावयाचे. ह्या मंडळींनीं कागद छापले म्हणून आपणांस ते घरबसल्या वाचतां येतात; तरी छापील शब्दाविषयीं शंका आली कीं अभ्यासक मूळ कागदाकडेच धांवतो.

हें सर्व सांगून मी विद्यार्थ्यास म्हणालों, “पेटी हा रुमाल, बोर्ड हा कागद. रुमाल धुवून भिंतीस टांगावयाचा आणि कागद भंगारांत घालावयाचा, हें मला पटत नाहीं.”

तो म्हणाला, “गुरुजी, मुस्तफाच्या प्रती जगांत हजारों संगणकांवर आहेत. ह्या चोरट्या बोर्डाला कोण विचारतो?”

प्रश्न योग्य होता. पण चोरटी नक्कल करणारे पुष्कळदां मजकुरांत आपलाहि हात घालीत; म्हणून मेमच्या याद्यांत अशा नकलांची निराळी नोंद असते. बखरीच्या दोन प्रतींत पाठभेद असला तर आपण कमी महत्त्वाची प्रत चुलींत घालीत नाहीं. कायद्याचेंहि एक अंग आहे. आपला १९५७ चा कॉपीराइटचा कायदा प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकास, नाश होऊं नये म्हणून, प्रत करूं देतो; परक्याचे शेंकडों खेळ फुकट उतरवून घेण्याची ती मुभा नव्हे. मात्र आपला बोर्डच मुळांत चोरटा, मग आपण कायदेशीर धारक कसे, असें विद्यार्थ्यानें विचारलें, तेव्हां मीं दुसरा चहा संपविला.

पिक्चर ट्यूबचा प्रश्न राहिला होता. यंत्र बंद केल्यावरहि ती कित्येक हजार व्होल्टांचा दाब कांहीं काळ धरून ठेवते; अजाणानें तिला हात घालूं नये. मिरजेहून टीव्ही दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आले. त्यांनीं प्रथम तो दाब उतरविला, मग दोन तास तपासून सांगितलें कीं ट्यूब मेलेली नाहीं, म्हातारी झाली आहे. ही ट्यूब सेकंदास सुमारें १५,७०० ओळी काढते. संगणकाच्या नेहमींच्या जोडणीची गति त्याच्या दुप्पट, म्हणून नुसती तार लावून भागत नाहीं. परंतु जाम्माच्याच पट्टींत खोंचावयाचा आणि ट्यूबला मानवेल असें चित्र देणारा एक जोड मिळतो. तो मिळाल्यावर आमचा वाद मिटला. एकहि जुनी तार तोडावी लागली नाहीं. लहान संगणक त्या पट्टींत बसतो, आणि तो उपसून मूळ बोर्ड पांच मिनिटांत परत लावतां येतो. बोर्डावरील चिपा कोणत्या, त्यांवरील चिठ्ठ्यांवर काय लिहिलें आहे, कोठें खरवडलें आहे, हें सर्व मीं वहींत उतरून घेतलें. तळाचें प्लायवूड तेवढें नवें बसविलें.

गेल्या महिन्यांत प्रथम मूळ बोर्डच लावून पाहिला. चित्र आलें, रंग थोडे विटलेले, पण आलें. विद्यार्थ्यानें खणांतून एक पितळी टोकन काढून माझ्या हातावर ठेवलें. पहिल्याच टप्प्यांत माझा मुस्तफा मेला.

“राहूं द्या, गुरुजी,” तो म्हणाला, “माझ्याकडे अजून आहेत.”