परभणीची लाईन

परभणी जिल्ह्यावर इंग्रजांचे प्रत्यक्ष राज्य कधीच नव्हते. निजामाच्या मुलखातील हा जिल्हा. येथील मुख्य अंमलदाराला कलेक्टर नव्हे, अव्वल तालुकदार म्हणत. दफ्तर १८८४ पर्यंत फारसीत आणि त्यानंतर उर्दूत चाले. आणि १९१८ साली हैदराबादेत जे विद्यापीठ स्थापन झाले, त्याचेही माध्यम उर्दूच ठरले. ज्या मुलखात इंग्रजी ना कचेरीत होती ना गावच्या शाळेत, त्या मुलखातील अक्षरशत्रू शेतकऱ्याच्या आणि हमालाच्या तोंडी ‘लाईन’ हा इंग्रजी शब्द इतक्या निरनिराळ्या अर्थांनी स्थिरावावा, याचे कारण शोधू गेल्यास ते पुस्तकांत सापडत नाही; ते जमिनीवर, जेथे जेथे काही अंथरले गेले, पुरले गेले किंवा खांबांवरून ओढले गेले, तेथे सापडते.

या शब्दाचे जिल्ह्यातील सर्वांत जुने ठाणे बहुधा हिंगोली असावे. हिंगोली १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाली. त्यापूर्वी ती परभणीचाच भाग होती. तेथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, आणि शिपायांच्या एका ओळीने बांधलेल्या निवासांना लष्करी बोलीत लाईन म्हणण्याची रीत हिंदुस्थानातील सर्वच छावण्यांत होती. १९०३ साली ही फौज मोडली, शिपाई गेले. परंतु तो अर्थ गेला नाही. जिल्ह्याच्या गावी ‘पोलीस लाईन’ म्हटले की आजही पोलिसांची वसाहतच डोळ्यांपुढे येते.

मात्र शब्दाला खरा प्रसार दिला तो लोहमार्गाने. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड अशी सिकंदराबादेकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. ती चालवणारी कंपनी निजामाच्या हमीवर उभी होती, आणि तिचा कारभार १९३० साली सरकारने स्वतःकडे घेतला. मुलूख निजामाचा, भांडवल विलायतेचे, मजुरी मराठी आणि तेलुगू माणसांची, अशा त्रिविध संयोगातून जी कामकरी बोली तयार झाली, तिच्यात मुकादम आणि खलाशी हे जुने शब्द राहिले आणि त्यांच्या शेजारी गँगमन, सिग्नल आणि लाईन येऊन बसले. कोणा पंडिताने लोहमार्ग म्हणावे, कोणी रूळ म्हणावे. ज्याने पहार हाती धरून ती वाट बसवली, त्याने तिला लाईन म्हटले, आणि शब्दाच्या बाबतीत निर्णय त्याचाच चालला. माझ्या मते तो योग्यच होता.

लोहमार्गावरचा चाबीवाला ज्याने पाहिला असेल, त्याला या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हाती लाल आणि हिरवी झेंडी, आणि दृष्टी सतत पायांखालच्या रुळावर खिळलेली, असा तो आपल्या हद्दीतील प्रत्येक चाबी पाहत, सैल झालेली ठोकून बसवत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जातो. घरी त्याच्याविषयी विचारले, तर ‘लाईनवर गेलेत’ एवढेच उत्तर मिळते. त्या उत्तरात स्थळ, काम आणि जोखीम ही तिन्ही असतात.

हा मार्ग मीटर गेजचा होता. परभणीच्या लोकांनी गेज हा शब्द फारसा उचलला नाही. त्यांनी ‘छोटी लाईन’ आणि ‘मोठी लाईन’ असा स्वतःचा भेद केला, आणि तो भेद केवळ रुंदीचा नव्हता. मनमाडला मुंबईकडची मोठी लाईन भेटे. तेथे डबे पुढे जाऊ शकत नसत, म्हणून सेलू-मानवत भागातील कापूस मुंबईला जाताना या गाडीतून उतरवून त्या गाडीत चढवावा लागे. या उतारचढीचा खर्च आणि खोळंबा व्यापाऱ्याने सोसला, व्यापाऱ्याने तो शेतकऱ्याच्या भावात वळता केला असेल, असे मानण्यास अडचण नाही. म्हणूनच ‘आपली छोटी लाईन’ या बोलण्यात आपुलकीबरोबर मागे पडल्याची एक जाणीव कायम असे, आणि मोठ्या लाईनीची मागणी हा मराठवाड्याच्या राजकारणात कित्येक वर्षे जिव्हाळ्याचा प्रश्न राहिला. मनमाड ते परभणी रुंदीकरण झाले ते १९९० नंतरच्या दशकात. पूर्णेहून हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जाणाऱ्या मार्गाला त्याहूनही अधिक थांबावे लागले. कोणते गाव लाईनवर आणि कोणते आडबाजूला, यावर बाजारपेठांचे दैव ठरले. मानवतसारखी कापसाची नामांकित पेठ लाईनपासून दूर राहिली, म्हणून ‘मानवत रोड’ असे जोडनाव घेतलेले स्थानक उभे करावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळात शब्दाच्या संसारात विजेने प्रवेश केला. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण झाले, तेथे वीजही निर्माण होऊ लागली. १९६० मध्ये राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले, आणि हळूहळू तारांचे खांब शिवारात उतरले. तेव्हापासून ‘लाईन आली का?’ हा प्रश्न रेल्वेशी संबंध नसलेल्या खेड्यांतही ऐकू येऊ लागला. शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीपाळीने, पुष्कळदा रात्रीच मिळते. हरभऱ्याला किंवा उसाला पाणी देणारा शेतकरी थंडीत विहिरीच्या काठी घोंगडी गुंडाळून बसतो, स्टार्टरवर नजर ठेवतो, आणि मोटर एकदा गुरगुरली की बांधावरून शेजाऱ्याला हाक देतो, ‘आली बरं का लाईन!’ डीपी जळाली तर दोन दोन आठवडे ही हाक ऐकू येत नाही, आणि उभे पीक माना टाकते. ज्या लाईनमनची तो वाट पाहतो, त्याच्या पदनामातही हाच शब्द आहे.

पाण्याचीही एक लाईन आहे. जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या जिल्ह्यात येतो. त्याला लोक कॅनॉल म्हणतात, लाईन म्हणत नाहीत. परंतु कॅनॉलपासून किंवा नदीपासून स्वतःच्या खर्चाने जमिनीखाली नळ पुरून जो पाणी आणतो, त्याने ‘लाईन टाकली’ असे म्हटले जाते. सरकारने खोदलेली ती चारी आणि आपण पुरलेली ती लाईन, हा बारकावा कोणी शिकवला नाही, तरी सारे पाळतात.

रांग या अर्थाने मात्र या शब्दाने आपल्या एका चांगल्या शब्दाला बाजूला सारले, आणि याची मला खंत वाटते. १९७२ च्या दुष्काळात धान्यासाठी आणि दुष्काळी कामाच्या हजेरीसाठी माणसे तासन्‌तास उभी राहिली, त्या उभे राहण्याला जुनी माणसे लाईनच म्हणतात. तरुणांच्या चेष्टेतला अर्थ सर्वश्रुत आहे, त्यावर थांबण्याचे प्रयोजन नाही. त्याहून मोलाचा अर्थ आईबापांच्या तोंडी आहे: ‘पोरगं कोणत्या लाईनीला आहे?’ आणि नोकरी लागल्यावर, ‘पोरगं लाईनीला लागलं.’ लाईनवर असलेले गाव भरभराटले, आडबाजूचे मागे पडले, हे ज्या जिल्ह्याने प्रत्यक्ष पाहिले, त्याने मुलाच्या आयुष्यालाही तेच माप लावले असावे, असे मला राहून राहून वाटते.

अलीकडे ‘ऑनलाईन’ आले. सातबारा ऑनलाईन, पीकविमा ऑनलाईन. रास्त भावाच्या दुकानातही यंत्रावर अंगठा टेकल्यावाचून धान्य मिळत नाही. जिल्ह्याच्या एखाद्या आडगावी विजेची लाईन गेलेली असते, म्हणून ऑनलाईन होत नाही, आणि म्हणून दुकानापुढची लाईन वाढत जाते. त्या लाईनीत उभ्या असलेल्या म्हातारीला या तिन्ही शब्दांतील फरक कोणी समजावून द्यावा लागत नाही. तिला हवा असतो तो त्या महिन्याचा गहू आणि तांदूळ.